पद्मपाणीला चौकट कोणी दिली?

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्यास जाऊन पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहिले, की दिनदर्शिकांनी आपल्याला केवढे फसविले आहे हे उमगते. कारण कागदावर एकाकी दिसणारा हा बोधिसत्त्व भिंतीवर स्त्रीपुरुष, मोर आणि वानर यांच्या दाटीत उभा असून त्याच्या चित्राला चौकट अशी नाहीच. त्याचे व्यक्तिचित्र झाले ते एकोणिसाव्या शतकात.

१८४४ साली कंपनी सरकारच्या हुकमाने मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल येथे आला आणि अजिंठा गावच्या बारदरीत मुक्काम ठोकून त्याने भिंतीवरील चित्रांच्या नकला कॅनव्हासवर उतरविल्या. माती, भुसा व वनस्पतींचे तंतू कालवून केलेल्या गिलाव्यावर, चुन्याचा पातळ हात देऊन, डिंकासारख्या चिकट द्रव्यात खललेले रंग भरावेत ही मूळ चित्रकारांची रीत. तर जवसाच्या तेलातले रंग ताणलेल्या कापडावर चढवून, वर रोगणाचा झिलईदार हात फिरवावा ही विलायती तैलचित्राची. असे चित्र हलते, विकले जाते, टांगता येते, आणि जळतेही. गिलच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. त्या वेळी तेथे नसलेल्या तेवढ्या वाचल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तेच काम नव्याने आरंभिले, तर १८८५ साली त्यांतल्याही पुष्कळ नकला लंडनातच जळाल्या! भिंत मात्र जागेवर होती.

पण निर्धास्त नव्हती. फिकट रंग नक्कल करताना स्पष्ट दिसावेत म्हणून तिच्यावर रोगण फासले गेले; पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलाविलेल्या चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटत चाललेला गिलावा मोठ्या कौशल्याने पुन्हा बसविला खरा, परंतु वर लाखेचा लेप दिला. कॅनव्हासावरचे रोगण ही काढून बदलता येणारी कात असते; मातीच्या भिंतीवर तोच थर काळवंडतो, धूळ धरतो आणि आकसताना रंगाचे पापुद्रे ओढून घेतो. हेतू शुद्ध होता, म्हणून दोष द्यायला जीभ धजत नाही, एवढेच.

आता पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ द्रावकात भिजविलेला कापसाचा बोळा तसूतसूने फिरवितात. बोळा तपकिरी होतो आणि खालून अफगाणिस्तानातून आलेल्या राजवर्ताचा निळा डोकावतो.