बुंध्याशी पडलेला भुसा

हापूसचे जुने कलम आजारी पडले की ते आधी शेंड्याला कळते. पालवी तुटपुंजी येते, एखादी फांदी पिवळी पडून वाळते, मोहोर आला तरी फळ धरत नाही. अशा वेळी बागायतदाराचा हात खताच्या पोत्याकडे जातो. दुखणे मात्र बहुधा खोडात किंवा मुळांत असते.

बुंध्याशी लाकडाचा भुसा पडला असेल, सालीतून डिंक पाझरत असेल, तर ती भिरूड, म्हणजेच खोडकिडा. पावसाळ्यात बाहेर पडणारा लांब मिशांचा भुंगेरा सालीच्या भेगांत आणि जखमांत अंडी घालतो. पांढुरकी अळी आतले लाकूड पोखरत महिनोन्महिने राहते आणि बोटाएवढी जाड होते. वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. ताजा, ओलसर भुसा जिथून येतो ते छिद्र शोधून मेलेली साल पटाशीने तासतात, आकडीच्या तारेने अळी ओढून काढतात. मग आत शिफारशीतल्या कीटकनाशकाचा बोळा घालून छिद्र चिखलाने लिंपतात. तासलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावतात: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. ती कालवायला प्लास्टिकचे किंवा मातीचे भांडे घ्यावे. तयार पेस्टमध्ये लोखंडी सुरी बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे.

बांडगुळाचे निदान सोपे, पण कंटाळा मोठा. फुलटोच्या पक्षी त्याचे चिकट बी फांदीवर टाकतो. बांडगुळाची पाने हिरवी असल्याने ते अन्न स्वतः करते, पाणी आणि क्षार मात्र आंब्याचे शोषते. नुसते ओरबाडले तर पुन्हा फुटते, म्हणून चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीसकट छाटतात, तेही त्याला फळे धरण्याआधी.

मुळांसाठी पावसाळी पाण्याला वाट हवी. अन्न शोषणारी बारीक मुळे बुंध्याशी फारशी नसतात, त्यामुळे शेणखत फांद्यांच्या घेराखाली चर काढून देतात. अशक्त झाडाला मोहोरासाठी कल्टार घालणे म्हणजे आजाऱ्याला शर्यतीत पळवणे.

कलम फार उंच गेले, फांद्या एकमेकींत शिरून आत ऊन येईनासे झाले, की पुनरुज्जीवनाची छाटणी करतात. उत्तर भारतात ती डिसेंबरच्या सुमारास जमिनीपासून ३ ते ४ मीटरवर होते. कोकणात पाऊस सरला की. जाड फांदीला आधी खालून खाच घेतात, नाहीतर ती पडताना साल फाडत जाते. काप तिरपा ठेवून त्यावर लगेच बोर्डोपेस्ट लावतात. पुढे फुटव्यांची गर्दी होते. त्यातले बाहेरच्या दिशेचे मोजके, जोमदार ठेवून बाकीचे काढावे लागतात. हे विरळणीचे काम टाळले तर झाड दोन वर्षांत पूर्वीसारखेच दाटते. फळ साधारण तिसऱ्या वर्षी सुरू होते. छाटलेले झाड भिरुडीला सोपे सावज असल्याने तोवर दर पावसाळ्यात आणि नंतरही बुंधा तपासत राहावा लागतो.