वाहनाखालचा चिखल : वेळीच काढणे अगत्याचे

पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वाहन डांबरी रस्ता सोडून पाणंदीत उतरले की, थोड्याच वेळात त्याच्या चाकांना आणि तळाला चिखलाचे थर चिकटू लागतात. शेतमालाचा ट्रॅक्टर असो, रुग्णवाहिका असो वा पंचायत समितीची जीप असो, यातून कोणाचीच सुटका नसते. परत आल्यावर वाहन वरून धुतले जाते. तळाचा चिखल मात्र तसाच राहून वाळतो. या दुर्लक्षाची किंमत पुढे वाहनाला आणि कधीकधी माणसांनाही मोजावी लागते.

चिकटपणाचे कारण

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट या चिकण खनिजाचे प्रमाण बरेच असते. त्याचे अतिसूक्ष्म कण थराथरांत पाणी शोषून फुगतात आणि माती लोण्यासारखी चिकट होते. वाळताना तीच माती आकसून कठीण बनते. म्हणून ओली असताना काठीने सुटणारा चिखल दोन दिवसांनी सहजासहजी निघत नाही.

एक घनमीटर ओल्या मातीचे वजन साधारणतः १,७०० ते १,९०० किलोग्रॅम भरते. वाहनाच्या तळाच्या २ चौरस मीटर भागावर ५ सेंटिमीटर जाडीचा थर बसला, तर सुमारे १७० ते १९० किलोग्रॅम ओझे वाढते. म्हणजेच तीन प्रौढ माणसांना कायम सोबत वाहून नेल्यासारखेच ते होय.

हानी कोठे होते?

ब्रेकच्या ड्रममध्ये चिखल शिरल्यास ब्रेकची पकड कमी होते आणि लायनरही लवकर झिजतात. चाकाच्या रिमच्या आत एका बाजूला चिखल वाळला, तर चाकाचा तोल बिघडून वेगात स्टिअरिंग थरथरू लागते. रेडिएटरच्या जाळ्या बुजल्यास इंजिन तापते. चिखलाबरोबर आलेला वाळका पालापाचोळा तापलेल्या सायलेन्सरपाशी अडकला, तर आगीचा धोका संभवतो. शिवाय चिखल ओलावा धरून ठेवतो. त्यात रासायनिक खतांचे क्षार असल्यास पत्रा व चासी अधिक लवकर गंजतात.

स्वच्छतेची रीत

वाहन सपाट व टणक जागेवर उभे करून इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा, चाकांना लाकडी ओंडक्याची उटी लावावी आणि सायलेन्सर थंड होऊ द्यावा. केवळ जॅकवर उचललेल्या वाहनाखाली किंवा आधाराविना उचललेल्या ट्रॉलीखाली कोणीही शिरू नये.

प्रथम लाकडी फळीने वा बांबूच्या कामटीने चिखलाचे थर सोडवावेत. पहार वापरल्यास ब्रेकच्या नळ्या आणि रबरी सील यांना इजा पोहोचते. त्यानंतर पाणी मारावे. मात्र रेडिएटरवर जोराचा झोत सोडू नये. दारांच्या व पत्र्याच्या तळाशी असलेली पाणी निथळण्याची छिद्रे मोकळी करावीत. ग्रीस भरताना जुने, मातकट ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. शेवटी मोकळ्या जागेत वाहन हळू चालवून ब्रेक थोडे-थोडे दाबावेत. पकड पूर्ववत झाल्याची खात्री पटल्यावरच प्रवासास निघावे.

वाहन नदीत, ओढ्यात वा विहिरीच्या काठी धुणे कटाक्षाने टाळावे. कारण चिखलाबरोबर तेल व ग्रीसही पिण्याच्या पाण्यात मिसळते. शेतातील चिखलात तणांचे बीही असते. १९५५ च्या सुमारास पुणे परिसरात प्रथम आढळलेल्या गाजरगवताचे बारीक बी अशा चिखलातून दूरवरच्या शिवारात पोहोचू शकते. त्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावात जाणारी मळणी व कापणीची यंत्रे निघण्यापूर्वीच स्वच्छ करणे हिताचे ठरते.

गावाची जबाबदारी

ट्रॅक्टरच्या चाकांतून डांबरी रस्त्यावर पडलेले चिखलाचे गोळे पावसाची सर येताच निसरडे होतात आणि दुचाकीस्वार घसरतो. शेताच्या बांधावरच चाके खरवडून घेण्यास चालकाला पाच-दहा मिनिटे पुरतात. ग्रामपंचायतीने पाणंद जेथे पक्क्या रस्त्याला मिळते, तेथे काही मीटर अंतर खडी व मुरूम टाकून दाबून घेतल्यास बराचसा चिखल तेथेच झडतो. वाहने धुण्यासाठी गावाबाहेर, पाणवठ्यापासून दूर एक जागा ठरवून देता येईल. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांमार्फत ही माहिती घरोघर पोहोचवावी.

मध्यरात्री प्रसूतीसाठी निघालेल्या रुग्णवाहिकेचे ब्रेक नीट लागतील की नाही, हे पुष्कळदा आदल्या दिवशी तिच्या तळाचा चिखल कोणी काढला होता का, यावर अवलंबून असते. या कामास मोठा खर्च लागत नाही. चिखल ओला असतानाच तो काढण्याची शिस्त तेवढी हवी.