बोनेटखाली – ११ : गिअरबॉक्सला घाम

मागच्या आठवड्यात क्लच का घसरतो ते पाहिलं. त्यातलं एक कारण मुद्दाम बाजूला ठेवलं होतं : क्लचप्लेटला ऑईल लागणं. ते ऑईल येतं कुठून, इथून आज सुरुवात करू.

उन्हाळा लागला की हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची आवक वाढते. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडून येणाऱ्या पिकअप गाड्या काठोकाठ भरलेल्या असतात. उन्हात, खालच्या गिअरमध्ये, ओझं ओढत यायचं म्हणजे गिअरबॉक्स तापणारच. यार्डाबाहेर गाडी उभी राहिली की खाली टपोरे डाग पडतात आणि चालक म्हणतो, ‘थोडं ऑईल मारतीय, पण चालतंय.’ चालतं, हे खरंच आहे. इंजिनला ऑईल मोजायची पट्टी असते, दाब कमी झाला की दिवा लागतो. साध्या गिअरच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सला या दोन्हींतलं काहीच नसतं. ऑईल संपत येतं, गाडी पळत राहते आणि मग एक दिवस बेअरिंग ओरडायला लागतं. तोवर खर्चाचा आकडा पार बदललेला असतो.

म्हणून आधी डाग ओळखायचा. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. वास नसलेलं पाणी एसीचं. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला चिकट आणि गोडसर वासाचं ते कूलंट. काळं, पातळसर ते इंजिन ऑईल. गिअर ऑईल घट्ट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. दातांवर दाब आला तरी धातूला धातू घासू नये म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं घालतात, त्यांचा हा वास. एकदा नाकात बसला की पुन्हा चुकत नाही. ऑटोमॅटिक गाडीचं ऑईल बहुधा लाल असतं. गळती ओळखू यावी म्हणून तो रंग मुद्दाम घातलेला असतो. ते तपकिरी होऊन करपट वास येत असेल, तर काळजी गळतीपुरती राहिलेली नाही.

पुठ्ठ्यावरचा डाग ऑईल कशाचं ते सांगतो, कुठून आलं ते सांगत नाही. ऑईल वरून खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. त्यामुळे सगळ्यांत ओली जागा सहसा निर्दोष असते. चोर तिच्या वर आणि पुढे बसलेला असतो. त्यात आपल्याकडची काळी माती. ऑईलवर धूळ बसून असा थर जमतो की खाली लोखंड आहे की ॲल्युमिनियम ते कळत नाही. नांदेड रोडवरच्या एका गॅरेजात पाहिलेली पद्धत मला पटली. मिस्त्रीनं पिकअप खड्ड्यावर घेतली, डिझेल आणि ब्रशनं गिअरबॉक्स लख्ख धुतला, फडक्यानं कोरडा केला आणि सांध्यांवर अंगाला लावायची पावडर शिंपडली. मग गाडी वारंगा फाट्याच्या दिशेनं फिरवून आणली. पांढऱ्या पावडरीवर ओल अगदी बारीक रेघेनं उतरली होती. प्रॉपेलर शाफ्ट बाहेर पडतो तिथल्या मागच्या सीलमधून.

सील बदललं की काम संपलं, असं त्याला वाटलं नाही. त्यानं वरचा ब्रीदर चाचपला. ब्रीदर म्हणजे गिअरबॉक्सची श्वास घ्यायची बारीक टोपी. ती मातीनं गच्च बसली होती. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. तिला वाट मिळाली नाही तर ती सीलच्या ओठातून ऑईल बाहेर रेटते. नवं सील घातलं तरी तेच होणार. उलट तापलेला गिअरबॉक्स ओढ्याच्या पाण्यात शिरला की हवा आकसते, पाणी आत ओढलं जातं आणि ऑईल दुधाळ होतं. असं ऑईल वरून भर घालून सुधारत नाही, सगळं काढावंच लागतं. मागचं सील वरचेवर जात असेल, तर शाफ्टचा क्रॉस आणि बुश ढिले आहेत का तेही बघायचं. डगडगणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही.

सील बसवण्यात घाई नडते. जुनं काढल्यावर शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथं चर पडली आहे. नवं सील किंचित मागे-पुढे बसवावं लागेल किंवा शाफ्टवर बारीक स्लीव्ह चढवावी लागेल. सीलची स्प्रिंगची बाजू ऑईलकडे, ओठाला थोडं ऑईल, आणि ठोकताना मापाचा पाइप. छिन्नीनं एका कडेला ठोकलेलं सील तिरकं बसतं आणि आठवड्यात परत गळतं.

क्लचप्लेटला ऑईल लागलं असेल तर गळती पुढच्या बाजूची. तिथं इंजिनचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील समोरासमोर असतात. कोणतं गेलंय ते त्या गंधकाच्या वासावरून ठरवा. सील स्वस्त असतं, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी महाग. एकदा उतरवलाच आहे तर दोन्ही सीलं, क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंग तपासल्याशिवाय परत चढवू देऊ नका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत गळती बहुधा एक्सेलच्या सीलची असते. ते काम तुलनेनं सोपं.

ऑईल काढण्याआधी भरायचा वरचा नट सुटतो का ते बघा. खालचा खोलून सगळं ऑईल सांडल्यावर वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. खालच्या नटाचा वॉशर नवा घाला. त्याला चुंबक असेल तर त्यावरची मऊ काळी पेस्ट नेहमीची. तुकडे मिळाले तर दात तुटलाय. भरताना गाडी सपाट जमिनीवर हवी. भोकाच्या काठाशी ऑईल येऊन बारीक धार लागली की थांबायचं. ग्रेड मात्र गाडीच्या पुस्तकातलीच. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्सला ‘भारी’ म्हणून जीएल-५ घातलं, तर त्यातली जास्तीची रसायनं पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतात.

बऱ्याच एएमटी गाड्यांत गिअर ऑईल वेगळं आणि गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक ऑईल वेगळं. सीव्हीटीचं तिसरंच. लाल दिसलं म्हणून एकाचं दुसऱ्यात टाकायचं नाही. सीव्हीटी आणि ऑटोमॅटिक गाड्यांत ऑईलची पातळीसुद्धा बहुधा ठरावीक तापमानाला बघायची असते, त्यामुळे अशा गाड्या कॉम्प्युटर असलेल्या गॅरेजातच न्या.

काम झाल्यावर दोन-तीन खेपा करून पुन्हा खाली डोकवा. फटीत राहिलेलं जुनं ऑईल काही दिवस निथळतं. पुसल्यावर परत आलं नाही तर प्रश्न मिटला. परत आलंच, तर पुन्हा डिझेल, ब्रश आणि पावडर.

पुढच्या आठवड्यात प्रॉपेलर शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला जाऊ : मिस्त्री ज्याला ‘क्राऊन’ म्हणतात तो डिफरन्शियल, आणि वळणावरचा त्याचा घूं-घूं आवाज.