ध्रुवाकडे जाणारे ऊन पाणी

नकाशावर समुद्रप्रवाह काढताना उष्ण प्रवाह तांबड्या बाणाने आणि शीत प्रवाह निळ्या बाणाने दाखवावयाचा, हा आपल्या शाळांतील जुना शिरस्ता. आम्हीही गेली तीस वर्षे तांबड्या खडूचे ते बाण ध्रुवाकडे वळवीत आलो आहोत. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, अंटार्क्टिकाजवळच्या उष्ण पाण्यात हात घातला, तर तो पोळेल की गारठेल?" वर्ग हसला. 'गारठेल' असे आम्ही सांगताच त्याचा दुसरा प्रश्न आला, "मग ते पाणी बर्फ कसा वितळविते?" त्यावर आम्ही सांगितले, की हवा तापत चालली आहे, म्हणून बर्फ वरून वितळतो. हे सर्वस्वी खोटे नव्हते. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, आणि अंटार्क्टिकाच्या बाबतीत तर ते मुख्य कारणही नव्हे. पुढे वाचन केल्यावर आमची चूक आमच्या ध्यानात आली. तिचे परिमार्जन म्हणून हे चार शब्द आम्ही सहाध्यायी शिक्षकांपुढे ठेवीत आहोत.

घोटाळ्याचे मूळ 'उष्ण' या शब्दात आहे. आपल्याकडे ऊन पेज म्हटली की ती ओठांना चटका देणारी असावयाची. ध्रुवीय समुद्रात मात्र शून्याच्या वर एक अंश तापमान असलेले पाणीही 'उष्ण' ठरते. असे का, याचा उलगडा मिठात आणि दाबात आहे. गोडे पाणी शून्य अंशाला गोठते; समुद्राचे खारे पाणी उणे १.९ अंशांच्या सुमारास गोठते. खोली वाढून दाब वाढला, की हा बिंदू आणखी खाली जातो. दर हजार मीटरांस सुमारे पाऊण अंश. म्हणजे समुद्रात हजार मीटर खोल बुडालेला बर्फाचा तळ उणे २.६ अंशांच्या आसपासच वितळू लागतो. तेथे अधिक एक अंशाचे पाणी पोहोचले, तर त्या बर्फाच्या दृष्टीने ते साडेतीन अंशांहून अधिक ऊन झाले. एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास ८० कॅलरी लागतात, हे आपण आठवी-नववीत शिकवितो. त्या हिशेबाने असले वीस-पंचवीस ग्रॅम पाणी एक ग्रॅम बर्फाची वाट लावण्यास पुरते; आणि येथे तर पाठीशी महासागर उभा आहे. हवेची तुलना करू गेल्यास, एक घनमीटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, ती तेवढ्याच हवेला लागणाऱ्या उष्णतेच्या तीन हजार पटींहून अधिक असते. उष्णतेचे ओझे वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी हवेने करू नये.

हे पाणी असते कोठे? आपल्या समुद्रात ऊन पाणी वर आणि गार पाणी खाली, अशी मांडणी असते. ध्रुवांजवळ ती उलटी होते. तेथील वरचे पाणी अतिशय थंड, पण बर्फ वितळून मिसळल्यामुळे कमी खारट व म्हणून हलके. खालचे पाणी थोडे ऊन, पण अधिक खारट व म्हणून जड. इतक्या थंड पाण्यात वजनाचा निवाडा तापमानापेक्षा मीठच अधिक करते. अंटार्क्टिकाभोवती चार-पाचशे मीटरांखाली हे ऊन पाणी संथपणे फिरत असते. त्यातील पुष्कळसा भाग उत्तर अटलांटिकात बुडून, शतकानुशतके खोलातून प्रवास करीत तेथवर आलेला असतो. प्रश्न एवढाच उरतो, की खाली दडलेल्या या पाण्याला वर आणि किनाऱ्याकडे ओढतो कोण?

उत्तर आहे : वारा. आणि त्याची किल्ली सापडली ती दुसऱ्या ध्रुवाजवळ. नॉर्वेचे संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८९३ साली 'फ्राम' हे आपले जहाज आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम अडकवून घेतले आणि बर्फाबरोबर त्याला वाहू दिले. १८९६ साली ते जहाज बर्फातून सुखरूप बाहेर पडले. या प्रवासात दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, आर्क्टिकच्या थंड थराखाली अटलांटिकातून आलेले शून्याहून अधिक तापमानाचे पाणी आहे. दुसरी, वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेने बर्फ जात नाही. तो वाऱ्याच्या उजवीकडे २० ते ४० अंश वळून जातो. स्वीडनचे वाग्न वालफ्रिड एकमन यांनी याची गणिती उपपत्ती लावली व १९०५ साली ती सविस्तर मांडली. वारा पृष्ठावरील पाण्याला ढकलतो, ते पाणी खालच्या थराला ओढते, तो थर त्याच्या खालच्याला. आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा अधिक वळतो. सर्व थरांची गोळाबेरीज केली, तर वाऱ्याने हलविलेले पाणी वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात जाते. उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे.

आता अंटार्क्टिकाचा नकाशा समोर घ्यावा. 'गरजणारे चाळीस' आणि 'खवळलेले पन्नास' ही नावे विद्यार्थ्यांच्या पाठ असतात. हे पश्चिमी वारे पूर्वेकडे धावतात. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास डावा हात उत्तरेकडे येतो. म्हणून पृष्ठाचे पाणी खंडापासून दूर, उत्तरेकडे ढकलले जाते. मोकळी झालेली जागा भरून काढण्यास खालचे ऊन पाणी वर येते. खंडाच्या अगदी कडेला मात्र उलटे, पूर्वेकडून येणारे वारे असतात. ते थंड पाणी किनाऱ्याशी रेटून त्याची रास करतात आणि ऊन पाण्याला खाली दाबून ठेवतात. हे पूर्वीय वारे म्हणजे बर्फाच्या दाराशी बसलेला राखणदारच म्हणावयाचा. जेथे हा राखणदार दुबळा होतो किंवा पश्चिमी वारे त्याच्या जागी सरकतात, तेथे ऊन पाण्याला वाट मिळते.

पश्चिम अंटार्क्टिकाच्या अमुंडसेन समुद्रात नेमके हेच घडते. येथील वाऱ्यांवर दूरच्या उष्णकटिबंधीय पॅसिफिकचाही अंमल चालतो. आपल्या मोसमी पावसाला छळणारा एल निनो तेथपर्यंत हात पोहोचवितो. शिवाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ओझोनचा ऱ्हास आणि हरितगृह वायू यांमुळे पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा काहीसा दक्षिणेकडे सरकला आणि बळावला. समुद्रतळावर पूर्वीच्या हिमनद्यांनी कोरलेले खोल चर आहेत. त्यांतून ऊन पाणी थेट पाइन आयलंड आणि थ्वेट्स या हिमनद्यांच्या तोंडाशी जाते. बर्फ वितळून झालेले गोडे पाणी हलके असल्यामुळे ते बर्फाच्या तळाला चाटत वर निघून जाते आणि त्याच्या मागोमाग नवे ऊन पाणी आत ओढले जाते. एकदा सुरू झालेला हा रहाट स्वतःच स्वतःला फिरवू लागतो.

येथे एक शंका विद्यार्थी हमखास काढतात. पेल्यातील तरंगता बर्फ वितळला तरी पाण्याची पातळी वाढत नाही. मग समुद्र का वाढावा? शंका रास्त आहे. तरंगता बर्फ स्वतः पातळी वाढवीत नाही म्हटले तरी चालेल; पण जमिनीवरील हिमनदीला तो टेकू देऊन उभा असतो. टेकू झिजला, की वरचा बर्फ वेगाने समुद्रात उतरतो. थ्वेट्स हिमनदी सुमारे १२० किलोमीटर रुंद आहे आणि तिचा तळ समुद्रसपाटीखाली असून आत जावे तसा अधिक खोल होत जातो. म्हणून ती जसजशी मागे हटते, तसतसा पाण्याला भिडणारा तिचा भाग वाढतो. ती सर्वच्या सर्व गेली, तर जगातील समुद्राची पातळी सुमारे ६५ सेंटिमीटरांनी वाढेल. २०२० च्या जानेवारीत सुमारे ६०० मीटर जाड बर्फाला भोक पाडून 'आइसफिन' नावाचे यंत्र तिच्या तळाशी सोडण्यात आले. तळाच्या सपाट भागात बर्फ अपेक्षेपेक्षा सावकाश वितळतो, मात्र भेगांत आणि पायऱ्यांसारख्या उतारांवर तो झपाट्याने वितळतो, असे त्यात दिसले. निसर्ग आपल्या सरासरीच्या आकड्यांना बांधलेला नाही, हाच त्याचा बोध.

पाणी हा येथे प्रमुख कर्ता आहे, याची साक्ष ग्रीनलंडही देतो. तेथील याकोब्सहाव्न हिमनदीच्या खाडीत १९९७ साली वाऱ्यांच्या पालटामुळे ऊन पाणी शिरले. काही वर्षांत तिचे तरंगते टोक मोडून गेले व तिचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. २०१६ नंतर तेच पाणी गार झाले, तेव्हा ती काही काळ मंदावली आणि जाडही झाली.

गोमंतकीयांस हा विषय परका नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात मुरगावहून निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आज वास्कोलाच आहे. परंतु त्याहूनही जवळचे नाते आमच्या खाजनांचे आहे. भरतीचे पाणी अडविणारे बांध आणि मानशीची दारे आमच्या पूर्वजांनी ज्या समुद्राच्या मापाने बांधली, तो समुद्र आता त्या मापात राहणारा नाही. ६५ सेंटिमीटर म्हणजे बाकावर बसलेल्या मुलाच्या कमरेच्या वर. हे उद्या घडणार नाही, त्याला शतकेही लागतील. मुलांना भिववू नये. पण बांध कोणाला उंच करावे लागणार आहेत, हे त्यांना ठाऊक असावे.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढच्या आठवड्यात वर्गासमोर सांगितले, की मागच्या तासाला आमचे उत्तर चुकले होते, आणि वरील हिशेब फळ्यावर मांडून दाखविला. तांबडा बाण आम्ही अजूनही तांबड्याच खडूने काढतो. फरक इतकाच, की आता त्याच्याशेजारी तापमानाचा आकडा लिहितो आणि त्याच्यावर, त्याला काटकोनात, वाऱ्याचा बाण काढतो.