घरातली यंत्रं (भाग ६) : तिसरं भोक

आलापल्लीची माझी मावशी मशीनमध्ये कपडे टाकताना लाकडी पाटावर उभी राहते. पाट चांगला सागाचा आहे, पूर्वी पाहुण्यांना जेवायला मांडायचा. "मशीनले हात लावला का मुंग्या येतेत," हे ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा घरातल्यांनी हसण्यावारी नेलं. मग सुनेलाही मुंग्या आल्या. कंपनीत तक्रार नोंदवली आणि तिसऱ्या आठवड्यात मेकॅनिक आला. त्यानं टेस्टर लावला, तो लागला. मागचं झाकण उघडून त्यानं सगळ्या वायरी पाहिल्या, झाकण परत बसवलं आणि म्हणाला, "काकू, बॉडीले करंट आहे, पण मशीन ओके आहे."

मावशीनं त्याला चहा दिला, पण विश्वास ठेवला नाही. खरं तर त्याच्या वाक्याचे दोन्ही भाग बरोबर होते. राहून गेलेला तिसरा भाग हा आजच्या लेखाचा विषय.

आजच्या मशीनच्या पोटात एक छोटा संगणकच असतो. मोटरचा वेग कमीजास्त करणारं सर्किट विजेच्या लाईनवर गडबड उठवतं. ती शेजारच्या टीव्हीपर्यंत पोचू नये म्हणून आत एक फिल्टर बसवलेला असतो. त्यातला एक कपॅसिटर फेजकडून मशीनच्या धातूच्या अंगाला जोडलेला असतो, दुसरा न्यूट्रलकडून. म्हणजे मशीनचं अंग बरोबर दोघांच्या मधे. त्यातून झिरपणाऱ्या किरकोळ विजेनं अर्थिंगच्या तारेनं मुकाट्यानं जमिनीत जावं, अशी रचना असते. एका जागी ठेवायच्या अशा मोटरच्या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानकानं या झिरपण्याला ३.५ मिलिअँपिअरची मर्यादा घातली आहे. अर्थिंगच नसेल तर ही वीज कुठंच जात नाही आणि मशीनचं अंग २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५च्या आसपास, तरंगत राहतं. ओल्या हाताची आणि अनवाणी पायाची बाई तिथं आली की वाट मिळते. त्याच त्या मुंग्या.

या मुंग्यांनी सहसा जीव जात नाही. पण त्या एक निरोप देतात : सॉकेटचं तिसरं, वरचं मोठं भोक रिकामं आहे, त्याच्या मागं तारच नाही. "जुन्या मशीनले असं नव्हतं होत," हे मावशीचं म्हणणंही खोटं नाही. तिची आधीची दोन टबांची सेमी-ऑटोमॅटिक होती. अंग प्लॅस्टिकचं आणि आत साधा टायमर, त्यामुळे असा फिल्टर नव्हता. अर्थिंग तेव्हाही नव्हतंच, फक्त ते कळायला मार्ग नव्हता.

आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे भोक नुसतं शोभेचं असतं. वायरिंग झालं तेव्हा घरात दोन बल्ब आणि एक पंखा होता. पुढं फ्रिज आला, मशीन आली आणि थ्री पिन बसेना म्हणून कुणीतरी सॉकेट तेवढं बदललं. मागं तारा दोनच राहिल्या. याहून वाईट प्रकार म्हणजे सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून एक तुकडा ओढून अर्थच्या पिनेला जोडायचा. मग टेस्टर लागत नाही, मुंग्या थांबतात आणि मेकॅनिक हुशार ठरतो. आता जून महिन्यातलं वादळ डोळ्यांपुढं आणा. जंगलातून आलेल्या लाईनवर फांदी पडते आणि न्यूट्रल तुटतो, फेज मात्र शाबूत राहतो. त्या क्षणी त्या आगाऊ तुकड्यातून पूर्ण २३० व्होल्ट मशीनच्या पत्र्यावर येतात. मशीन बंद असली तरी येतात. असं 'अर्थिंग' करून देणाऱ्याला मी तरी दुसऱ्यांदा घरात घेणार नाही.

न्यूट्रल तुटण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे. तो तीन फेजच्या मुख्य लाईनवर तुटला तर दोन फेजांमधले चारशेच्या वरचे व्होल्ट घराघरांत कसेही वाटले जातात. ज्या घरात लोड कमी, तिथं व्होल्टेज जास्त. एका घरात बल्ब मिणमिणतो आणि पलीकडच्या घरात टीव्ही, मशीनचा बोर्ड, मोबाइलचा चार्जर एका दमात जातात. "लाईन गेली का पिन काढाची आन् आल्यावर थोडा वेळ थांबाचं" ही जुन्या लोकांची सवय वेडेपणाची नाही. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. त्याच्या चिमण्या गावाबाहेर कोसभरावरून दिसतात. पण घरात वीज कशी येते हे चिमणीवर नाही, शेवटच्या खांबावरच्या जोडणीवर ठरतं.

पाण्याचा भाग मला जास्त रंजक वाटतो. राजुरा, कोरपना, जिवती या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडी आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथले सिमेंटचे कारखाने तिच्यासाठीच आले. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जातं, किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत बोअरमध्ये उतरतं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, हे कुणाला सांगायला नको. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा.

हे पाणी थंड असेपर्यंत मशीनला फारसा त्रास नाही. तापवलं की विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो आणि नेमका सर्वांत गरम जागी, म्हणजे हीटरवर बसतो. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये साधारण दोन हजार वॅटचा हीटर ड्रमच्या खाली असतो. त्यावर थर चढला की उष्णता पाण्यात जाईनाशी होते आणि हीटर आतल्या आत तापतो. कधीतरी त्याच्या नळीला चीर जाते, आतली विद्युतरोधक भुकटी ओली होते आणि वीज पाण्यात आणि अंगावर उतरते. ही वीज फिल्टरच्या मुंग्यांसारखी मोजूनमापून झिरपणारी नसते. कारखान्यात सिमेंट होणारा दगड घरात येऊन, वाटेत अर्थिंग नसेल तर, माणसाला शॉक देऊ शकतो तो असा. म्हणून जड पाण्याच्या गावात गरम पाण्याचा प्रोग्रॅम रोज लावू नये आणि महिन्या-दोन महिन्यांनी लिंबूसत्त्व टाकून रिकामी मशीन गरम पाण्यावर फिरवावी. त्या वेळी ब्लीच अजिबात टाकू नये, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

"आमच्याकडे एमसीबी आहे" असं बरेच जण निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी तारेसाठी असतो, माणसासाठी नाही. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळापर्यंत गप्प बसतो. माणसाचं हृदय बंद पाडायला त्याच्या पाचशेव्या हिश्श्याएवढी वीज पुरते. माणसासाठी असते ती आरसीसीबी. ती फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परतलेली वीज सतत ताडून पाहते आणि तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाईन तोडते. तिच्यावर चाचणीचं एक बटण असतं. ते आठवणीनं दाबून पाहावं, कारण बरीच वर्षं न हललेली आरसीसीबी ऐन वेळी अडकून बसू शकते.

अर्थिंग केलं तरी मे महिना उरतोच. चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर गेला की जमीन खोलवर कोरडी पडते आणि कोरडी माती वीज घेत नाही. समजा, खड्ड्याचा रोध वाढून ५० ओहम झाला. मशीनमध्ये फेज थेट अंगाला चिकटला तरी २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास वीज जमिनीत जाईल. सोळाचा एमसीबी तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. आरसीसीबी मात्र पडेल. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही हवेत, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला हवं.

मग कंपन्यांचा काहीच दोष नसतो का? असतो. सॅमसंगनं नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत वरून उघडणारी सुमारे २८ लाख मशीन परत बोलावली. कपडे पिळताना त्या इतक्या थरथरत की वरचा भाग सुटून उडे. तशा ७३३ तक्रारी आल्या होत्या, नऊ जण जखमी झाले होते, एकाचा जबडा मोडला होता. डिसेंबर २०१९ मध्ये व्हर्लपूलनं ब्रिटनमध्ये हॉटपॉइंट आणि इंडेसिट या नावांच्या पाच लाखांवर मशीनबद्दल सूचना काढली. त्यात दाराचं कुलूप तापून आग लागण्याचा धोका होता. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत घ्यायला लावण्याचा अधिकार दिला आहे. पण परत बोलावणं धाडायचं कुणाला? मशीन घेतलेली असते वडशाच्या दुकानातून, बिल मेहुण्याच्या नावावर आणि वापरणारी बहीण सिरोंच्याला. किंवा चंद्रपूरच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतून कुणाची बदली झाली म्हणून जुनी घेतलेली. मागच्या बाजूच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर यांचा फोटो काढून ठेवणं एवढं तरी आपल्या हातात आहे. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पावसात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. तिथं 'घरपोच सेवा' हा शब्द कंपनीनं जपूनच वापरावा. तक्रारीचं लेखी उत्तर मात्र मागून घ्यावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची असते, ती 'आज येतो, उद्या येतो' मध्ये संपू देऊ नये.

उंदरांचंही सांगितलं पाहिजे. बऱ्याच मशीनचा तळ उघडा असतो आणि धान्याच्या कोठीशेजारी मशीन ठेवली की उंदीर आत शिरून वायरी कुरतडतो. असलं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसत नाही. तळाला जाळी लावून घ्यावी, खर्च फार नाही.

लहान मुलांची गोष्ट लिहायला हात धजत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीतल्या रोहिणीत तीन वर्षांची जुळी भावंडं वरून उघडणाऱ्या मशीनच्या पाण्यात बुडून गेली. आई साबण आणायला काही मिनिटं बाहेर गेली होती. पाणी भरून ठेवलेली मशीन म्हणजे झाकण नसलेली विहीर समजावी आणि तिच्याजवळ स्टूल ठेवू नये.

मावशीच्या घरामागं आता खड्डा झाला आहे. त्यात पत्र्याची प्लेट, मीठ आणि कोळसा आहे. चंद्रपूरचा खाणीतला कोळसा नव्हे, लाकडाचा, तो आलापल्लीत केव्हाही मिळतो. तिथून जाड तार घरात आणली आणि मीटरशेजारी आरसीसीबी बसवली. पहिल्याच दिवशी ती पडली, तेव्हा कळलं की मशीन नाही, मोरीतल्या जुन्या बल्बची वायर भिंतीत ओली झाली होती. ती बदलली. मुंग्या थांबल्या. पाट अजून मशीनसमोरच आहे, त्यावर साबणाचा डबा असतो.

पुढच्या आठवड्यात : गिझर