एकेरी रांगेतल्या पेशी

आयसीयूच्या दाराबाहेर नातेवाइकांना सांगितलं जातं, ‘रक्तात इन्फेक्शन पसरलंय.’ वाक्य सोपं आहे, पण अर्धवट. या अवस्थेत, म्हणजे सेप्सिसमध्ये, जीव धोक्यात येतो तो केवळ जंतूंमुळे नव्हे. त्यांच्याशी झुंजणाऱ्या शरीराचाच तोल सुटतो आणि मूत्रपिंडं, फुप्फुसं, यकृत ढासळू लागतात. सेप्सिसच्या २०१६ च्या व्याख्येचा गाभा हाच. पडझड किती झाली, ते ‘सोफा’ हा गुणांक मोजतो: सहा अवयवसंस्था, ० ते २४ गुण. (नाव आरामाचं, काम अगदी उलट.) मात्र लढणाऱ्या पेशींची दमछाक त्यात दिसत नाही. ती फ्लो सायटोमीटर या पेशी तपासणाऱ्या यंत्राला विचारावी लागते.

जांभळ्या झाकणाच्या नळीतलं थोडंसं रक्त घ्यायचं. त्यात चमकणारा रंग जोडलेले प्रतिपिंड मिसळायचे. पेशीच्या अंगावरची ठरलेली खूण सापडली की ते तिला चिकटतात. तांबड्या पेशी फोडून टाकायच्या. उरलेल्या पेशी बारीक धारेतून एकामागोमाग एक लेसरसमोरून जातात, सेकंदाला हजारोंनी, आणि कोण किती चमकली याची नोंद होते. याचं बरंचसं श्रेय स्टॅनफर्डच्या लेन हर्झेनबर्ग यांच्या कंटाळ्याला द्यायला हवं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चमकत्या पेशी मोजायला ते विटले होते. लॉस अलामॉसच्या मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये पेशी निवडणारं यंत्र जाहीर केलं होतं, शाईचे थेंब उडवणाऱ्या छपाईची युक्ती वापरून. हर्झेनबर्ग यांनी त्याला चमक ओळखायला शिकवलं.

सेप्सिसमध्ये पाहायची मुख्य खूण म्हणजे मोनोसाइट या पांढऱ्या पेशीवरचा ‘एचएलए-डीआर’. जंतूचा तुकडा या खुणेवर ठेवून मोनोसाइट टी पेशींना दाखवतो: हा बघ चोर. निरोगी माणसात एकेका मोनोसाइटवर साधारण १५,००० हून अधिक प्रतिपिंड चिकटतात. हा आकडा ८,००० च्या खाली घसरला, तर प्रतिकारशक्ती मलूल झाली असं धरतात. अंग तापानं फणफणलेलं, आत पहारेकरी पेंगलेले! बर्लिनच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये या अवस्थेवर इंटरफेरॉन-गॅमा देऊन पाहिलं; खूण पुन्हा वर आली. तरी हा नेहमीचा उपचार झालेला नाही. पहिल्या दिवशीच्या आकड्यावर फार विसंबू नये, असं मला वाटतं. आठवडाभरात तो वर चढतो की तळाशीच राहतो, हे अधिक बोलकं. तळाशी राहिलेल्यांना दुसरा संसर्ग गाठण्याची आणि दगावण्याची भीती जास्त. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीवरची ‘सीडी६४’ ही खूण मात्र संसर्गात उलट वाढते.

आपल्याकडे हे यंत्र नवखं नाही. एचआयव्हीबाधितांच्या सीडी४ पेशी त्यावर मोजल्या गेल्या. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संस्थेत रक्ताच्या कर्करोगाचं निदान त्यावर होतं. पण त्या तपासण्यांना दिवसाची वेळ चालते. सेप्सिस घड्याळ पाहत नाही. शिवाय नळी खोलीच्या तापमानाला पडून राहिली, तर मोनोसाइटवरची खूण आपोआप वाढते आणि अहवाल खोटा दिलासा देतो. म्हणून नळी बर्फात ठेवायची, काही तासांतच रंगवायची. आणि रात्री दोनला ती रंगवणारा तंत्रज्ञ प्रयोगशाळेत असावा लागतो.