हायवेवर गाडीला एवढी भूक का लागते?

ए दोस्ता, एक कोडं घालू?

शहरात गाडी सारखी अडखळते. सिग्नल, खड्डे, मधेच घुसलेली रिक्षा, पुन्हा ब्रेक! हायवेवर मात्र ती एका लयीत सुसाट जाते. मग एक लिटर पेट्रोलमध्ये ती जास्त किलोमीटर कुठे पळेल? हायवेवर, बरोबर! मोठी माणसं याला ‘ॲव्हरेज’ म्हणतात.

आता समजा, घरच्या छोट्या गाडीचं ॲव्हरेज नेमकं हायवेवरच घसरलं. म्हणजे कुणीतरी पेट्रोल गुपचूप पितंय! चल, चोर पकडू.

आधी मोजूया. पंपावर टाकी फुल करायची आणि गाडीतला किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. फिरून आलं की पुन्हा टाकी फुल! मधे झालेल्या किलोमीटरना आता भरलेल्या लिटरनी भाग. आलं ॲव्हरेज!

पण थांब! मुंबईहून पुण्याला जातानाचंच मोजलंस, तर फसशील. मुंबई समुद्राकाठी, आणि वाटेत लोणावळा समुद्रसपाटीपासून 600 मीटरहून उंच! माणसांसकट टनभर वजनाची गाडी तेवढी वर उचलायलाच साधारण अर्धा लिटर पेट्रोल लागतं. अंतर कापायचं पेट्रोल वेगळंच! परतताना उतार असतो, तिथे गाडी कमी पिते. म्हणून जाऊन-येऊनचा हिशेब एकत्र करायचा.

आता पहिला संशयित. तो दिसतच नाही. ओळख पाहू! हवा!

मैदानावर एक मोठा पुठ्ठा छातीपुढे आडवा धरून चाल. काहीच वाटत नाही ना? आता जोरात पळ. बापरे, कुणीतरी मागे रेटतंय! गाडीलाही हवा अशीच रेटते. आणि गंमत ऐक. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध दुप्पट होत नाही. चौपट होतो! ताशी 80 किलोमीटरवरून 100 वर गेलं, तरी विरोध दीडपटीहून जास्त वाढतो. त्यात टपावर कॅरिअर आणि त्यावर बॅगा असल्या, तर पुठ्ठा आणखीच मोठा झाला की!

समजा गाडी बेताच्या वेगात आहे, टपही मोकळा आहे. तरी ॲव्हरेज कमीच! मग टायर बघ. हवा कमी असली, की टायर जमिनीशी चेपतो, फिरताना सारखा दबतो आणि फुगतो. त्यात ताकद फुकट जाते. किती हवा हवी, ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायर थंड असतानाच मोजायची हं!

कधी एखाद्या चाकाचा ब्रेक सुटतच नाही. प्रवासानंतर बाकीच्या चाकांपेक्षा ते एकच चाक खूप तापलेलं असतं. तू मात्र हात लावू नकोस, भाजेल! बाबांना किंवा मेकॅनिककाकांना सांग.

आणि आता माझा सगळ्यात लाडका चोर! त्याच्यामुळे इंजिन गार राहतं, आणि गार इंजिन जास्त पेट्रोल पितं. खरंच!

गार तव्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर तो तसाच बसून राहतो. तापलेल्या तव्यावर? चर्रर्र, वाफ! पेट्रोलचीही वाफ झाली तरच ते नीट जळतं. इंजिन गार असेल तर वाफ कमी होते. मग गाडीतला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो.

इंजिनाभोवती पाणी फिरतं आणि त्याच्या वाटेवर एक चिमुकलं दार असतं. त्याचं नाव थर्मोस्टॅट. इंजिन गार, तर दार बंद. पाणी तापलं की दार उघडतं, आणि पाणी गार व्हायला पुढच्या रेडिएटरमध्ये जातं. पण दार उघडंच अडकलं तर? शहरात गाडी रांगते, वारा कमी लागतो, इंजिन कसंबसं तापतं. हायवेवर रेडिएटरवर भन्नाट वारा आदळतो, की इंजिन पुन्हा गार! म्हणून चोरी हायवेवरच होते!

याचा सुगावा तुलाच लागू शकतो. तापमानाचा काटा हायवेवर खाली घसरतोय का, बघ. काही गाड्यांत काटा नसतो, निळा दिवा असतो. तो काही मिनिटांत विझायला हवा. धावत्या गाडीत पुन्हा लागला, तर लगेच मोठ्यांना सांग!

हे दार उघडतं कोण, माहीत आहे? नेहमीच्या थर्मोस्टॅटमध्ये तार नाही, बटण नाही. आत असतं चक्क मेण! साधारण 80 ते 90 अंशांना ते वितळतं, फुगतं आणि दार ढकलतं. गार झालं की आकसतं, आणि स्प्रिंग दार लावून टाकते.

खोटं वाटतंय? नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी मेकॅनिककाकांना तो कडकडीत गरम पाण्यात सोडायला सांग. जरा लांब उभं राहून बघ. दार तुझ्या डोळ्यांदेखत उघडेल!